सेल्स पेजची स्प्लिट टेस्ट: पहिल्यांदाच करणार असाल तर

सेल्स पेजची हेडलाइन बदलली आणि पुढच्या आठवड्यात विक्री वाढली, तर श्रेय हेडलाइनला द्यायचं का? त्याच आठवड्यात लोकांचे पगार झाले असतील, तुमची जाहिरात नव्या लोकांपर्यंत पोचली असेल, कुणीतरी आपल्या व्हिडिओखाली तुमची लिंक दिली असेल. आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा अशी तुलना केली की ही सगळी कारणं गुपचूप हेडलाइनच्या खात्यात जमा होतात.

स्प्लिट टेस्टमध्ये, म्हणजे ए/बी टेस्टमध्ये, जुनं आणि नवं पेज एकाच काळात चालू असतं. येणाऱ्या प्रत्येक व्हिजिटरला कोणतं पेज दाखवायचं हे निव्वळ नशिबावर ठरतं, आणि तोच माणूस पुन्हा आला तर त्याला पुन्हा तेच पेज दिसतं. पगार, जाहिरात, व्हिडिओ यांचा परिणाम दोन्ही गटांवर सारखाच होतो. मग उरलेला फरक दोनच गोष्टींमुळे असू शकतो: पेज किंवा योगायोग. या लेखातला बराचसा भाग त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, कारण नवखे लोक फसतात ते तिथेच.

पद्धत जुनी आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी शेतातल्या प्रयोगांसाठी हाच पाया घातला: शेताच्या कोणत्या तुकड्याला कोणतं खत द्यायचं हे माणसाने निवडायचं नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचं. त्याच सुमाराला अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्ससारखे जाहिरात लिहिणारे लोक वेगवेगळ्या जाहिरातींतल्या कूपनांवर वेगवेगळ्या खुणा छापून कोणत्या जाहिरातीने किती गिऱ्हाईक आणलं ते मोजत होते.

आणि हे करायचं तरी कशासाठी, आपल्याला आपला ग्राहक कळतोच की, असं वाटत असेल तर २००८ मधलं बराक ओबामा यांच्या प्रचारमोहिमेचं उदाहरण बघा. लोकांनी ईमेल देऊन नोंदणी करावी यासाठीच्या पेजवर चार प्रकारची बटणं आणि सहा प्रकारचे फोटो-व्हिडिओ, अशा २४ जोड्या तीन लाखांहून जास्त व्हिजिटरवर तपासल्या गेल्या. मूळ पेजवर ८.२६ टक्के लोक नोंदणी करत होते. 'लर्न मोअर' असं बटण आणि कुटुंबाचा फोटो या जोडीवर तेच प्रमाण ११.६ टक्के झालं. टीमला मनापासून आवडलेला व्हिडिओ मात्र फोटोंपेक्षा मागे पडला.

आधी ट्रॅफिकचं गणित

बहुतेक मार्गदर्शक टूल निवडण्यापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, कॅल्क्युलेटर उघडा. तुमच्याकडे टेस्ट करण्याइतकी माणसं येतात का, हा पहिला प्रश्न आहे.

ढोबळ सूत्र असं: सध्याचा कन्व्हर्जन रेट, म्हणजे येणाऱ्यांपैकी खरेदी करणाऱ्यांचं प्रमाण, घ्या, त्याला (१ वजा तोच रेट) ने गुणा, आलेल्या उत्तराला १६ ने गुणा, आणि जेवढा फरक पकडायचा आहे त्याच्या वर्गाने भागा. उत्तर म्हणजे प्रत्येक पेजला लागणारे व्हिजिटर. खरा फरक तेवढा असेल तर तो सापडण्याची शक्यता सुमारे ८० टक्के, आणि फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता ५ टक्के, हे नेहमीचे निकष या १६ मध्ये धरलेले आहेत.

समजा १०० तले २ जण खरेदी करतात, म्हणजे रेट ०.०२. त्यात २० टक्के वाढ पकडायची आहे, म्हणजे २ चे २.४ टक्के, फरक ०.००४. गणित करा: प्रत्येक पेजला १९,६०० व्हिजिटर, दोन्ही मिळून ३९,२००. वाढ फक्त १० टक्के असेल तर प्रत्येकी ७८,४००. फरक निम्मा झाला की लागणारी माणसं चौपट होतात. उलट ५० टक्के वाढ असेल तर प्रत्येकी साधारण ३,१५० माणसं पुरतात.

आता हेच स्वतःला लावून बघा. महिन्याला १०० ऑर्डर येत असतील तर २ टक्क्यांच्या हिशोबाने ५,००० व्हिजिटर झाले. २० टक्क्यांची वाढ सिद्ध करायला जवळजवळ आठ महिने लागतील. ५० टक्क्यांची वाढ सव्वा महिन्यात कळेल. म्हणजे छोट्या ट्रॅफिकवर बारीकसारीक बदल तपासण्यात अर्थ नाही. तिथे मोठा, धाडसी बदलच तपासावा. बटणाचा रंग हा नवख्यांचा आवडता विषय. गूगलने लिंकच्या निळ्या रंगाच्या ४१ छटा तपासल्या होत्या ही गोष्ट खरी आहे, पण तेवढा सूक्ष्म फरक दिसायला गूगलएवढी गर्दी लागते.

ट्रॅफिक कमी असेल तर आणखी एक वाट आहे: ऑर्डरऐवजी आधीची पायरी मोजायची, उदाहरणार्थ 'खरेदी करा' वर क्लिक करणारे. शंभरातले २० जण क्लिक करत असतील तर त्यातली २० टक्के वाढ पकडायला प्रत्येक पेजला १,६०० माणसं पुरतात. मात्र क्लिक वाढले म्हणजे ऑर्डर वाढल्या असं नाही. बटणावर 'मोफत बघा' लिहिलं तर क्लिक वाढतीलच, आणि पुढच्या पानावर किंमत दिसली की ते लोक परत फिरतील.

आणि महिन्याला वीस-पंचवीसच ऑर्डर असतील तर सध्या टेस्ट करू नका. हे मी अगदी मनापासून सांगतो आहे, कारण त्या वेळेचा याहून चांगला उपयोग आहे. ओळखीतल्या पाच जणांना त्यांच्या मोबाइलवरून तुमची वस्तू विकत घ्यायला सांगा आणि शेजारी बसून नुसतं बघा, मदत करू नका. कुठे बोट थांबतं, काय दोनदा वाचलं जातं, फॉर्ममध्ये कुठे चूक होते हे तिथेच कळेल. जे उघड उघड मोडलंय ते दुरुस्त करायला पुराव्याची गरज नसते.

काय बदलायचं

चांगली कल्पना पेजकडे बघून सहसा सुचत नाही, ग्राहकांचे शब्द वाचून सुचते. त्यांचे ईमेल, चॅटमधले प्रश्न, रिफंड मागताना दिलेली कारणं, सगळं एका फाइलमध्ये आणा. नुकत्याच खरेदी केलेल्यांना एकच प्रश्न विचारा: 'घेताना कशामुळे अडखळलात?' न घेणाऱ्यांच्या मनात काय असावं याची कल्पना घेणाऱ्यांच्या उत्तरांतून येते.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही फोटोग्राफीचा ऑनलाइन कोर्स विकता. ईमेलमध्ये पुन्हा पुन्हा प्रश्न येतो, 'माझ्याकडे कॅमेरा नाही, मोबाइलवर चालेल का?' उत्तर पेजवर आहे, पण अगदी तळाशी, प्रश्नोत्तरांतल्या अकराव्या प्रश्नात. वर हेडलाइनच्या मागे मात्र मोठ्या लेन्सचा कॅमेरा धरलेल्या माणसाचा फोटो. कॅमेरा नसलेला माणूस तो फोटो बघूनच निघून जात असणार. मग टेस्टमागचा अंदाज असा लिहायचा: 'कॅमेरा लागतोच या समजुतीने लोक पहिल्या स्क्रीनवरूनच परततात. हेडलाइनखाली "फक्त मोबाइल असला तरी पुरे" ही ओळ आणि मोबाइलवर फोटो काढणाऱ्याचं चित्र टाकलं तर ऑर्डर वाढतील, आणि ती वाढ मुख्यतः मोबाइलवरून येणाऱ्यांत दिसेल.'

यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. कुठे फरक दिसेल हे आधी सांगितलं की निकाल आल्यावर कारण बरोबर होतं का हेही तपासता येतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो नवख्यांसाठी पटत नाही. वरच्या उदाहरणात ओळ आणि चित्र दोन्ही बदललं, कारण दोन्ही मिळून एकच म्हणणं मांडतात. एका वेळी एकच म्हणणं तपासा. त्यासाठी पेजवर तीन जागा बदलाव्या लागल्या तरी हरकत नाही. हेडलाइन, किंमत आणि फॉर्म यांत एकमेकांशी संबंध नसलेले बदल मात्र एकत्र करू नका.

सुरुवातीला दोनच पेज ठेवा. पाच पर्याय लावले की ट्रॅफिक पाच ठिकाणी वाटलं जातं आणि त्यातला एखादा योगायोगाने पुढे दिसण्याची शक्यताही वाढते.

सुरू करण्याआधी लिहून ठेवा

टेस्ट सुरू करण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: कोणता आकडा निर्णायक, प्रत्येक पेजला किती व्हिजिटर, कोणत्या तारखेला थांबायचं, आणि निकाल असा आला तर काय करायचं, तसा आला तर काय. आकडे समोर आल्यावर प्रत्येकाला आपल्या सोयीचा आकडा सापडतो. ऑर्डर वाढल्या नाहीत तर 'पण लोक पेजवर जास्त वेळ थांबले' असं म्हणायचा मोह होतो. आधी लिहून ठेवलेला कागद त्या मोहापासून वाचवतो, आणि माझ्या मते संपूर्ण टेस्टची किंमत या कागदात आहे.

निर्णायक आकडा निवडताना सावध राहा. किंमत एक चतुर्थांश कमी केली आणि कन्व्हर्जन २० टक्क्यांनी वाढलं, तर ऐकायला छान वाटतं. पण ०.७५ गुणिले १.२ म्हणजे ०.९, दर व्हिजिटरमागचं उत्पन्न १० टक्क्यांनी घसरलं. किंमत, सवलत किंवा पॅकेज यांना हात लावणारी कोणतीही टेस्ट दर व्हिजिटरमागच्या उत्पन्नावरच मोजा. सोबत एक राखणीचा आकडा ठेवा, उदाहरणार्थ रिफंडचं प्रमाण. तो बिघडला तर कन्व्हर्जन वाढूनही नवं पेज घ्यायचं नाही, हेही कागदावर लिहा.

इथेच एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. खोटा काउंटडाउन, 'फक्त २ शिल्लक' असं खोटं लिहिणं, न मागता टिक केलेले चौकोन, हे टेस्टमध्ये अनेकदा जिंकतात. दोन आठवड्यांच्या टेस्टमध्ये फसवणुकीचा फायदा मोजला जातो, फसलेला ग्राहक पुढच्या वर्षी परत आला नाही याचं नुकसान मोजलंच जात नाही. त्यामुळे असे पर्याय टेस्टला लावूच नका.

टेस्ट लावताना

दोन मार्ग आहेत. पहिल्यात पत्ता एकच राहतो आणि टूल ब्राउझरमध्ये पेजचे काही भाग बदलतं. दुसऱ्यात दोन स्वतंत्र पेज असतात आणि अर्ध्या लोकांना दुसऱ्या पत्त्यावर वळवलं जातं. हेडलाइन किंवा चित्र बदलायचं असेल तर पहिला, संपूर्ण पेज नव्याने रचलं असेल तर दुसरा. अनेक जुन्या लेखांत गूगल ऑप्टिमाइझ वापरायला सांगितलेलं असतं. ते ३० सप्टेंबर २०२३ ला बंद झालं. व्हीडब्ल्यूओ, ऑप्टिमायझली ही नावं बरीच वापरात आहेत, आणि डेव्हलपर हाताशी असेल तर ग्रोथबुक हे मुक्तस्रोत टूल आहे. टूल कोणतंही चालेल, पण पुढच्या गोष्टी स्वतः तपासा.

पहिल्या मार्गात जुनी हेडलाइन क्षणभर दिसून मग नवी येते, असं डोळ्याला दिसेल एवढं लुकलुकणं होत असेल तर टेस्ट बिघडली. लोक मजकुराला नव्हे, त्या झटक्याला प्रतिसाद देतील. दुसऱ्या मार्गात वळवण्यात वेळ जातो आणि तो फटका फक्त नव्या पेजला बसतो. शक्य असेल तर दोन्ही गटांना वळवा, म्हणजे उशीर दोघांना सारखा. गूगल सर्चसाठी हे वळवणं तात्पुरतं, म्हणजे ३०२ प्रकारचं ठेवा, आणि नव्या पेजवर मूळ पेजचा कॅनॉनिकल टॅग, म्हणजे 'खरं पेज ते' असं गूगलला सांगणारी कोडमधली ओळ, द्या.

मग स्वतः खरेदी करून बघा. दोन्ही पेजवरून, मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर, अशा चार ऑर्डर. प्रत्येक ऑर्डर योग्य पेजच्या खात्यात पडली का? पैसे भरायला ग्राहक दुसऱ्या साइटवर जाऊन परत येत असेल तर नेमकी तिथेच नोंद हरवते. सफारी ब्राउझरमध्ये पेजवरच्या जावास्क्रिप्ट कोडने ठेवलेली कुकी (व्हिजिटर ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद) सात दिवसांत पुसली जाते, म्हणून विचार करून दहा दिवसांनी परतणारा ग्राहक नवा समजला जाऊन दुसऱ्याच पेजवर जाऊ शकतो. तुमच्या वस्तूसाठी लोक बराच काळ विचार करत असतील तर कुकी सर्व्हरकडून ठेवण्याची सोय डेव्हलपरला विचारा.

टूल नवं असेल तर आधी आठवडाभर दोन्ही गटांना एकच पेज दाखवून बघा. याला ए/ए टेस्ट म्हणतात. सारख्याच पेजमध्ये मोठा फरक दिसला तर मोजणीतच गडबड असण्याची शक्यता जास्त.

चालू असताना

कमीत कमी पूर्ण दोन आठवडे चालवा आणि नेहमी पूर्ण आठवड्यांतच थांबवा. सोमवारी सकाळी येणारा आणि रविवारी रात्री येणारा ग्राहक वेगळ्या मनःस्थितीत असतो.

पहिल्या दोन दिवसांत बघायचं ते फक्त काही मोडलंय का हे. दोन्हीकडून ऑर्डर येताहेत ना, फॉर्म चालतोय ना, एवढंच. 'कोण पुढे आहे' हे बघून थांबण्याचा निर्णय घेऊ नका. फरक अजिबात नसलेल्या टेस्टमध्येही आकडे वरखाली होत राहतात. एकदाच बघून ठरवलं तर चुकून फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के. पाच वेळा बघून ज्या वेळी फरक दिसला त्या वेळी थांबलात तर ती १४ टक्क्यांवर जाते, दहा वेळा बघितलं तर १९ च्या आसपास. रोज बघून थांबता येईल अशा पद्धतीही आहेत, पण त्यांचं गणित वेगळं असतं आणि तुमच्या टूलमध्ये ती सोय असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं.

टेस्टच्या मध्येच नव्या पेजला ५० ऐवजी ८० टक्के ट्रॅफिक देणं, हेडलाइनमधला एक शब्द सुधारणं, हेही टाळा. बदल करावाच लागला तर मोजणी शून्यापासून सुरू करा.

आकडे वाचताना

सगळ्यात आधी ऑर्डर नव्हे, व्हिजिटर मोजा. १०,००० जणांची ५०-५० वाटणी केली असेल तर ५,०५० आणि ४,९५० असा फरक अगदी स्वाभाविक. ५,२०० आणि ४,८०० दिसले तर ते नशिबाने होणं जवळजवळ अशक्य आहे. कुठेतरी एका गटातली माणसं गळताहेत. अशा टेस्टचा निकाल कितीही आवडला तरी टाकून द्या आणि बिघाड शोधा.

वाटणी ठीक असेल तर हाताने करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. दोन्ही गट सारखे आणि कन्व्हर्जन रेट लहान असेल तेव्हा ती चालते. दोन्हीकडच्या ऑर्डरची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. दोन पेजच्या ऑर्डरमधला फरक त्याहून मोठा असेल तर तो निव्वळ योगायोग नसावा.

जुन्या पेजवर ९ ऑर्डर, नव्यावर १६. 'अठ्ठ्याहत्तर टक्के वाढ' असं म्हणून लोक आनंदाने टेस्ट बंद करतात. बेरीज २५, वर्गमूळ ५, दुप्पट १०. फरक फक्त ७. काहीच सिद्ध झालं नाही.

आता प्रत्येकी ८,००० व्हिजिटर, जुन्यावर १६० ऑर्डर, नव्यावर २००. बेरीज ३६०, वर्गमूळ जवळजवळ १९, दुप्पट ३८. फरक ४०, म्हणजे जेमतेम पार. वाढ २ वरून २.५ टक्के, म्हणजे चौथा हिस्सा. पण टूलमधला विश्वासाचा पट्टा बघा: खरा फरक ०.०४ पासून ०.९६ टक्के-गुणांपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे खरी वाढ २ टक्केही असेल आणि ४८ टक्केही. नवं पेज घ्या, पण पुढच्या महिन्याचा अंदाज २५ टक्के वाढ धरून बांधू नका. जिंकलेल्या टेस्टमध्ये दिसलेला आकडा सहसा खऱ्यापेक्षा फुगलेला असतो, कारण नशिबाने साथ दिलेल्या टेस्टच जास्त करून जिंकतात.

आकडा फारच चांगला आला तर आधी संशय घ्या. संख्याशास्त्रात याला ट्वायमनचा नियम म्हणतात: जो आकडा विलक्षण वाटतो तो बहुधा चुकलेला असतो. २०१२ मध्ये बिंग या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनवर जाहिरातींचं शीर्षक दाखवण्याची पद्धत बदलणारी, सहा महिन्यांहून जास्त काळ बाजूला पडलेली एक कल्पना तपासली गेली, तेव्हा उत्पन्न इतकं वाढलं की काहीतरी बिघडल्याची सूचना देणारी यंत्रणा वाजली. तपासणी झाली आणि वाढ खरी निघाली: १२ टक्के, एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त. तपासल्यावर टिकला म्हणून त्या आकड्यावर विश्वास ठेवता आला.

निकाल शून्य आला की मोबाइल, कॉम्प्युटर, शहर, वय, वार असे तुकडे पाडून 'इथे तरी जिंकलो' शोधायची सवय वाईट. असे २० तुकडे तपासले तर फरक नसतानाही निदान एकात तो दिसण्याची शक्यता ६४ टक्के. कागदावर आधीच लिहिलेला तुकडा, जसा वर मोबाइलचा लिहिला होता, तेवढाच बघा. बाकी काही लक्षवेधी दिसलं तर ती पुढच्या टेस्टची कल्पना.

निकालानंतर

बहुतेक टेस्ट जिंकत नाहीत. मायक्रोसॉफ्टमध्ये ढोबळमानाने एक तृतीयांश कल्पना उपयोगी ठरतात, एक तृतीयांशाने काही होत नाही आणि उरलेल्या नुकसान करतात; बिंग आणि गूगलसारख्या आधीच घासूनपुसून नीट केलेल्या साइटवर जिंकणाऱ्यांचं प्रमाण १० ते २० टक्केच आहे. त्यामुळे पहिल्या तीन टेस्ट हरल्या तर काही चुकतंय असं समजू नका. फरक दिसला नाही तर जुनं पेज ठेवा, किंवा दोन्हींतलं सांभाळायला सोपं असेल ते. हरलेल्या टेस्टने नको असलेला बदल थोपवला, हाही मिळालेला फायदाच आहे.

प्रत्येक टेस्टची नोंद ठेवा: सुरू आणि बंद केल्याची तारीख, दोन्ही पेजचे मोबाइल व कॉम्प्युटरवरचे स्क्रीनशॉट, लिहिलेला अंदाज, दोन्हीकडचे व्हिजिटर आणि ऑर्डर, विश्वासाचा पट्टा, घेतलेला निर्णय, आणि त्या काळात चालू असलेल्या जाहिराती किंवा सवलती. 'हेडलाइन टेस्ट जिंकली' एवढंच लिहिलं तर वर्षभराने कुणालाही त्याचा उपयोग नाही.

मोबाइलची ओळ जिंकली असं धरा. पुढची पायरी म्हणजे तीच ओळ जाहिरातीत आणि ईमेलच्या विषयात वापरून बघणं, कारण तुम्हाला लोकांची अडचण सापडली आहे आणि ती पेजच्या बाहेरही तशीच असणार. जिंकलेलं पेज सगळ्यांना सुरू केल्यावर रिफंडची मुदत संपेपर्यंत रिफंडवर लक्ष ठेवा. फायदा फारच मोलाचा असेल तर काही महिने दहा टक्के व्हिजिटरना जुनंच पेज दाखवत राहा. नवेपणा ओसरल्यावर वाढ टिकते का, हे त्यातून कळेल.